सगळं दिल्याचा कागद

काळा पट्टा म्हणजे काय, हे आज लहानशा गावातल्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पांढऱ्यापासून सुरुवात, मग पिवळा, केशरी, हिरवा, तपकिरी. दर रंगाला परीक्षा, दर परीक्षेला फी आणि फीच्या मागोमाग सर्टिफिकेट. जपानच्या जुन्या युद्धविद्यांत, म्हणजे तलवार, भाला, काठी आणि झटापटीच्या जुन्या घराण्यांत, यातलं काहीच नव्हतं. तिथं मान होता तो गुंडाळी करून ठेवलेल्या एका लांब कागदाला. त्याचं नाव ‘मेन्क्यो काइदेन’. घराण्यात होतं नव्हतं ते सगळं या माणसाला शिकवून झालं, आता यानं ते दुसऱ्याला शिकवावं, असा गुरूच्या हातचा परवाना.

हा कागद उलगडून पाहणाऱ्याची बहुतेक वेळा निराशाच होते. आधी डावांची नावं, एकाखाली एक. डाव कसा करायचा, पाय कुठं, नजर कुठं, याचा अवाक्षरानं उल्लेख नाही. नावंही काव्यमय, त्यावरून अर्थाचा थांग लागू नये अशी. मग गुरूंची नावं, घराण्याच्या संस्थापकापासून कागद देणाऱ्यापर्यंत. त्यानंतर तारीख, शिक्का आणि सर्वांत शेवटी ज्याला कागद मिळाला त्याचं नाव. चोरानं तो पळवला तरी त्याच्या हाती लागणार ती फक्त यादी. ज्यानं वीस वर्षं ते डाव अंगात मुरवले आहेत, त्यालाच प्रत्येक नावामागं काय दडलंय ते ठाऊक. काइदेनच्या आधीच्या एका पायरीचं नावच ‘मोकुरोकु’, म्हणजे सूची.

अशा कागदाचं कूळ शोधत मागं गेलं की तलवारीचा खणखणाट ऐकू येईनासा होतो आणि मंत्रांचा आवाज येऊ लागतो.

इ.स. 805. चीनची राजधानी चांगआन. तिथल्या हुइगुओ या बौद्ध आचार्यांकडं कूकाइ नावाचा तिशीतला जपानी भिक्षू आला. हुइगुओंचे गुरू अमोघवज्र, अमोघवज्रांचे गुरू दक्षिण भारतातून चीनला गेलेले वज्रबोधी. वज्रयानाची ही परंपरा अभिषेकानं पुढं जाई. शिष्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात फूल द्यायचं आणि मंडलावर टाकायला सांगायचं. फूल ज्या देवतेवर पडेल ती त्याची. कूकाइचं फूल दोन्ही मंडलांवर मधोमध, महावैरोचनावर पडलं. काही महिन्यांत हुइगुओंनी त्याला शेवटचा, आचार्यपदाचा अभिषेक दिला. मंडलं रंगवून घेतली, ग्रंथ नकलून घेतले, पूजेची उपकरणं दिली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देह ठेवला. परत आल्यावर कूकाइनं सम्राटाला सादर केली ती आणलेल्या वस्तूंची आणि ग्रंथांची सूची. अभिषेकाला जपानीत ‘कांजो’ म्हणू लागले.

आता साइचोची गोष्ट. साइचो कूकाइपेक्षा वयानं मोठा, दरबारात वजन असलेला, जपानातल्या तेंदाइ पंथाचा संस्थापक. 812 साली त्यानं मोठ्या मनानं कूकाइच्या हातून प्राथमिक अभिषेक घेतला. त्या दिवसांत अभिषेक घेणाऱ्यांच्या नावांची कूकाइच्या हातची यादी अजून टिकून आहे. जपाननं तिला राष्ट्रीय ठेवा ठरवलंय आणि तीत साइचोचं नाव अग्रभागी आहे. पण पुढच्या अभिषेकाची गोष्ट निघाली तेव्हा कूकाइनं आणखी तीन वर्षांचा अभ्यास लागेल असं सांगितलं. साइचो होता ग्रंथांचा भुकेला. तो पोथ्या उसन्या मागवत राहिला, नकला करत राहिला. 813 साली त्यानं एक अवघड भाष्य मागितलं आणि कूकाइनं सरळ नकार दिला. ही विद्या मनाकडून मनाकडं जाते, कागदावरून उचलता येत नाही, असा त्या उत्तराचा रोख होता. दोघांचं फाटलं ते कायमचं. साइचोनं शिकायला पाठवलेला लाडका शिष्य ताइहान कूकाइकडंच राहिला, हा वरचा घाव.

कागद देणाऱ्या परंपरेच्या मुळाशीच कागदावरचा हा अविश्वास आहे. पुढं कांजो देवळाबाहेर पडला. कवितेचे गुप्त अर्थ, बिवा या तंतुवाद्याच्या खास रचना, यांच्या दीक्षेलाही हाच विधी आणि हेच नाव लागलं. झेन पंथानं शिष्याच्या बोधावर गुरूच्या मान्यतेचा शिक्का उठवण्याची रीत दिली. तलवारबाजांनी दोन्हीकडचं उचललं.

अशा गुपिताची किंमत काय असू शकते, हे 1600 सालच्या तानाबेच्या वेढ्यात दिसलं. किल्ल्यात होसोकावा यूसाइ, वय साठीच्या पुढं, सोबत सुमारे पाचशे माणसं. बाहेर पंधरा हजारांची फौज. निकाल उघड होता. पण यूसाइ ‘कोकिनशू’ या प्राचीन काव्यसंग्रहाच्या गुप्त व्याख्येचा धारक होता. त्यानं राजपुत्र तोशिहितोला ती शिकवायला घेतली होती, पण पाठ पुरा झाला नव्हता. म्हातारा मेला तर कवितेचा अर्थही मेला, या भीतीनं खुद्द सम्राट गो-योझेइ मध्ये पडला आणि त्याच्या दूतांनी वेढा उठवायला लावला. काही शब्दांच्या अर्थासाठी पंधरा हजारांची फौज अडवल्याचं हे उदाहरण आपल्याकडच्या भाष्यकारांना जरूर सांगावं.

युद्धविद्येची घराणी यूसाइच्याही आधीची. कातोरी शिंतो-र्यू हे त्यांतलं सर्वांत जुन्यांपैकी एक, पंधराव्या शतकातलं. संस्थापक इइझासा चोइसाइ. परंपरा सांगते की त्यानं कातोरीच्या देवस्थानात हजार दिवसांचं अनुष्ठान केलं आणि फुत्सुनुशी या देवानं प्रसन्न होऊन त्याला विद्येचा ग्रंथ दिला. या घराण्यात येणारा माणूस बोटाच्या रक्ताचा ठसा उमटवून शपथ घेई: शिकलेलं बाहेरच्याला दाखवणार नाही. तलवारीच्या हातांबरोबर बोटांच्या मुद्रा आणि मंत्रही शिकवले जात. सामुराई जिला भजत ती मारिशितेन म्हणजे आपली मारीची, बौद्ध देवतामंडळातून तिकडं गेलेली.

म्हणजे गुरूंच्या यादीत पहिलं नाव देवाचं. ही रीत मराठी माणसाला अनोळखी नाही. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्ञानदेवांनी आपली परंपरा सांगितली आहे, तिचा उगम आदिनाथ. आखाड्यातही तेच. मल्लखांबाला नवं आयुष्य देणारे बाळंभटदादा देवधर दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी होते. निजामाच्या हैदराबादेतून आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांचं आव्हान त्यांनी स्वीकारलं आणि तयारीसाठी सप्तशृंगीला गेले. तिथं मारुतीनं त्यांना लाकडी खांबावरची विद्या दाखवली, अशी आख्यायिका आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभ आहे, म्हणजे खांब बाळंभटांच्या कितीतरी आधीचा. पण बाळंभटांना शिकवणारा कुणी माणूस परंपरेनं नोंदवला नाही. पहिल्या गुरूला परवाना कुणी दिला, हा प्रश्न चोइसाइच्या आणि बाळंभटांच्या शिष्यांनी एकाच वाटेनं सोडवला.

जपानातला कागद देवाच्या हातून माणसांच्या व्यवहारात आला तो सोळाव्या शतकात. कामिइझुमी नोबुत्सुना या तलवारबहाद्दरानं 1563 साली नाराजवळच्या याग्यू गावच्या मुनेयोशीला हरवलं. मुनेयोशी जाणता लढवय्या होता, पण हरल्यावर तो शिष्य झाला आणि 1565 साली त्याला नोबुत्सुनाचं मान्यतापत्र मिळालं. 1594 साली मुनेयोशीनं आपली कला तोकुगावा इएयासूला, म्हणजे पुढं शोगुन (देशाचा लष्करी सत्ताधीश) झालेल्या सरदाराला, दाखवली. त्याचा मुलगा मुनेनोरी इएयासूच्या चाकरीला लागला आणि पुढं शोगुनांचा तलवारगुरू झाला.

मग अडीचशे वर्षांची शांतता आली आणि लढाया नसलेल्या देशात तलवारीच्या शाळांचं पेव फुटलं. याचं एक कारण या कागदातच आहे. निशियामा मात्सुनोसुके या इतिहासकारानं ते नेमकं पकडलं. चहाविधीसारख्या कलांत शिष्य कितीही निपुण झाला तरी परवाने देण्याचा हक्क मूळ घराण्याच्या प्रमुखाकडं राहतो. शिष्यांचे शिष्य वाढतात आणि पैसा वर जात राहतो. तलवारीत काइदेन मिळालेला माणूस स्वतः काइदेन देऊ शके. मनात आलं तर दोन डाव बदलून नवं नाव लावून नवं घराणं काढू शके. सगळं देणं म्हणजे हक्कसुद्धा देणं. औदार्य म्हणून हे थोर, पण धंदा म्हणून आत्मघातकी. शाळा शेकड्यांनी झाल्या त्या यामुळं.

पैशाचा वास कागदाला लागलाच. इत्तो-र्यू या तलवारीच्या घराण्यात पायऱ्या आठ. प्रत्येक पायरीला नवा कागद, प्रत्येक कागदाला गुरूला भेट. एकोणिसाव्या शतकात चिबा शुसाकूनं एदो शहरात होकुशिन इत्तो-र्यू ही शाखा चालवली आणि आठाच्या तीन पायऱ्या केल्या. विद्यार्थ्यांची रीघ लागली, यात नवल नाही. याच शाखेत शिकला साकामोतो र्योमा, शोगुनशाही उलथवणाऱ्या घडामोडींतला जपानचा लाडका नायक. 1858 सालचा त्याचा एक कागद उपलब्ध आहे. तो तलवारीचा नाही, नागिनाता या लांब दांड्याच्या पात्याचा आहे, आणि तोही पहिल्या टप्प्याचा, मोकुरोकु. त्यावर देणाऱ्यांत चिबा घराण्यातल्या मुलींचीही नावं आहेत. हजार कादंबऱ्यांनी तलवारीचा सम्राट ठरवलेल्या र्योमाबद्दल हा कागद बराच संयमानं बोलतो.

1876 साली सरकारनं तलवार लावून चारचौघांत फिरायला बंदी केली. शाळा ओस पडल्या. कानो जिगोरो नावाच्या तरुणानं 1882 साली तोक्योतल्या एका देवळात ज्युदोची शाळा, कोदोकान, काढली. गंमत अशी की जुना कागद त्यानंही घेतला; कितो-र्यू या झटापटीच्या जुन्या घराण्याचा परवाना त्याला 1883 साली मिळाला. आणि त्याच वर्षी त्यानं आपल्या दोन शिष्यांना दिली ‘शोदान’, पहिली श्रेणी. ‘गो’ या पटावरच्या खेळात खेळाडूंना दर्जा देण्याची जी पद्धत होती ती त्यानं कुस्तीच्या गादीवर आणली. जुन्या पद्धतीत दोन कागदांमध्ये वर्षानुवर्षं जात आणि पोरं कंटाळून निघून जात, हे या शाळामास्तरानं ओळखलं होतं. काळा पट्टा मागोमाग आला, रंगीत पट्टे त्यानंतर.

तरी जुनी चाल लगेच मेली नाही. दाइतो-र्यूचा ताकेदा सोकाकू विसाव्या शतकात गावोगाव हिंडत शिकवी. बरोबर दोन वह्या असत: एकीत शिकणाऱ्याचं नाव आणि शिक्का, दुसरीत मिळालेली फी. त्याला स्वतःला लिहिता-वाचता येत नसे असं सांगतात. नोंदी शिष्यच करत. वह्यांत नावं भरपूर, काइदेन मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. ऐकिदोचा जनक उएशिबा मोरिहेइ त्याचाच शिष्य. 1922 साली त्याला शिकवण्याचा प्रतिनिधी-परवाना मिळाला. 1939 साली ओसाकात काइदेन मिळालं ते हिसा ताकुमाला. जगात नाव एकाचं झालं, पूर्ण कागद दुसऱ्याकडं राहिला.

महाराष्ट्रात गाडी उलट दिशेनं चालली. इथं वस्तादानं कागद कधी दिलाच नाही. नारळ, मारुतीपुढं नमस्कार, गंडा आणि तांबड्या मातीतली वर्षं. ‘कुणाचा पट्ठा?’ या प्रश्नाला दिलेलं उत्तर हाच दाखला. बडोद्याच्या माणिकरावांनी आपल्या व्यायाममंदिराला गुरू जुम्मादादांचं नाव दिलं, ते याच भावनेनं. पण शेकडो मुलांना एकदम व्यायाम करता यावा म्हणून त्यांनीच संघव्यायाम बसवला, इंग्रजी हुकमांच्या जागी देशी हुकूम आणले. 1907 ते 1910 या काळात त्यांच्याकडं शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे म्हणजे पुढचे स्वामी कुवलयानंद, लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक.

अमरावतीला वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापलं. 1924 साली तिथं उन्हाळी वर्ग सुरू झाला, पाच आठवड्यांचा. लांबलांबची पोरं येत, शिकत आणि गावी जाऊन शिकवत. कातोरीच्या एखाद्या वृद्ध गुरूला पाच आठवडे हा आकडा ऐकून फेफरं आलं असतं! पण इथल्या मंडळींची निकड वेगळी होती: पारतंत्र्यातल्या देशात गावागावात आखाडा हवा होता आणि वीस वर्षं थांबायला कुणाला सवड नव्हती. 1936 साली मंडळाच्या चमूनं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. 1938 साली मुंबई सरकारनं कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली आणि शाळेत व्यायाम शिकवायला सरकारी प्रमाणपत्र असलेला शिक्षक तयार होऊ लागला.

त्याच काळात बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे खंड काढत होते. दहा खंडांत कुस्तीचे पेच, मल्लखांबाच्या पकडी, लाठी, लेझीम, सगळं वर्णनासकट, चित्रांसकट छापलेलं, विकत घेईल त्याच्यासाठी. जपानी कागदावर फक्त नावं होती आणि कृती गुरूच्या अंगात. इथं कृती बाजारात आली आणि गुरूंची नावं मागं पडली. 2019 साली शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा परदेशी चमूंतले बरेच जण श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांनी घडवलेले किंवा त्यांच्या शिष्यांकडं शिकलेले होते. गुणपत्रकावर खेळाडूचं नाव, देश आणि गुण. बाहेर चहाच्या टपरीवर जुने मल्लखांबपटू मात्र एकमेकांना विचारत होते तो प्रश्न आखाड्यातलाच असणार: हा कुणाचा?