महाद्वार आणि गाभारा : अंशतः प्रवेशाच्या न्याय्यतेचा विचार

कोणत्याही संस्थेत मनुष्याला दोन प्रकारांनी मज्जाव होऊ शकतो. पहिल्या प्रकारात त्याला उंबरठ्याबाहेरच ठेवण्यात येते. दुसऱ्या प्रकारात त्याला आपला म्हणून आत घेतले जाते, त्याची निष्ठा, सेवा व वर्गणी स्वीकारली जाते, परंतु आतील काही भाग त्याच्यापुरता बंद राहतो. पहिल्या प्रकाराचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे. दुसऱ्याकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. कारण तेथे दार उघडेच दिसते आणि तक्रार करणारा कृतघ्न ठरतो. असा अंशतः प्रवेश केव्हा न्याय्य मानावा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः पंढरपूरच्या आधारे करावयाचा आहे.

आरंभी दोन शब्दांचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. ‘अधिकार’ या शब्दाचा मीमांसाशास्त्रातील अर्थ अमुक कर्म करण्याची पात्रता असा आहे. ती पात्रता सर्वांची सारखी नसते, म्हणूनच ‘अधिकारभेद’ ही संज्ञा निर्माण झाली. ‘हक्क’ हा शब्द अरबीतून आला. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘हक्क-लाजिमा’ म्हणजे वतनदाराला वतनापोटी मिळणारे उत्पन्न. आज हे दोन्ही शब्द आपण नागरिकाला सर्वांबरोबर मिळणाऱ्या समान स्वातंत्र्यासाठी वापरतो. तथापि जुने अर्थ भाषेतून गेलेले नाहीत; ‘अनधिकार चर्चा’ या प्रयोगात पात्रतेचा अर्थ आजही जिवंत आहे. प्रवेशाच्या बहुतेक वादांत एक पक्ष हे शब्द जुन्या अर्थाने उच्चारतो व दुसरा नव्या अर्थाने. त्यामुळे दोघेही ‘आमचा अधिकार’ म्हणतात आणि दोघांनाही आपण खरेच बोलत आहोत असे वाटते.

वारकरी संप्रदायात येण्यास जातीची आडकाठी नव्हती. तुळशीची माळ घालणारा, वारी व एकादशी पाळणारा तो वारकरी. मंगळवेढ्याचे चोखामेळा या व्याख्येप्रमाणे पूर्ण वारकरी होते. परंपरेनुसार शके १२६० (इ. स. १३३८) मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामाखाली सापडून त्यांचा अंत झाला आणि त्यांची समाधी पंढरपुरी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ झाली. त्यांचे अभंग संप्रदायाच्या भजनात कायमचे स्थिरावले. त्यांच्या जातीच्या वारकऱ्याला मात्र समाधीपाशीच थांबावे लागे. त्याची वाणी आत स्वीकारली गेली, देह बाहेर राहिला. अंशतः प्रवेशाचे याहून स्पष्ट उदाहरण आपल्या इतिहासात क्वचितच सापडेल.

मंदिराच्या आतही सर्वांना सारखी मोकळीक नव्हती. बडव्यांखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे व डांगे असे सात सेवाधारी तेथे वंशपरंपरेने होते. दिवट्यांकडे मशाल, डांग्यांकडे चांदीची काठी, अशी कामांची वाटणी होती. ही व्यवस्था केवळ लोभातून उपजली असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेजारतीपासून काकड्यापर्यंतचे नित्योपचार कोणीतरी नेमाने करावयाचे असतात, आणि सर्वांनीच सर्व कामांत हात घातला तर एकही काम धड होणार नाही. परंतु येथे दोन भिन्न तत्त्वे एकमेकांत मिसळली होती. कामासाठी जागा राखून ठेवणे हे एक, आणि ते काम विशिष्ट कुळांच्या मालकीचे करणे हे दुसरे. पहिल्याचे समर्थन करीत दुसरे टिकविले गेले.

अशा मर्यादांच्या बाजूने सर्वांत बलवान मानला जाणारा युक्तिवाद वहिवाटीचा. त्याची न्यायालयीन परीक्षा पूर्वीच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातील महाड येथे झाली. तेथील नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे अस्पृश्यांसही खुले केले. प्रत्यक्षात ते बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये काही स्पृश्य रहिवाशांनी दिवाणी दावा लावला. तळ्याचे पाणी मुसलमानही वापरीत असत, म्हणजे ते केवळ स्पृश्य हिंदूंपुरते राखलेले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निर्णय दिला, की वादींनी सांगितलेली अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. या निर्णयाचे महत्त्व असे, की वहिवाट सिद्ध करण्याचा भार मज्जाव करणाऱ्यावर पडला. कोणी आजवर आले नाही, एवढ्यावरून त्यांना येण्याचा हक्क नव्हता असे ठरत नाही.

पंढरपुरात हा प्रश्न साने गुरुजींनी ऐरणीवर आणला. महाराष्ट्राचा दौरा करून लोकमत जागृत केल्यावर १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरी प्राणांतिक उपोषण आरंभिले आणि बडव्यांची संमती मिळाल्यावरच ते सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पुढे १९५६ च्या व्यापक अधिनियमाने सार्वजनिक पूजास्थाने हिंदूंच्या सर्व वर्गांना व गटांना खुली केली. या अधिनियमातील तरतुदीचा मथितार्थ असा, की एकास ज्या रीतीने व जेथपर्यंत जाता येते, त्याच रीतीने व तेथपर्यंत दुसऱ्यासही जाता आले पाहिजे. ‘जेथपर्यंत’ ही कल्पना येथे निर्णायक आहे. कायद्याने केवळ दार मोजले नाही, दारापासून पुढचे अंतरही मोजले.

याचा अर्थ प्रत्येकास सर्वत्र, सर्वकाळ मोकळीक असा मात्र नव्हे. दक्षिण कानडा जिल्ह्यातील मुल्की येथील गौड सारस्वत ब्राह्मणांच्या व्यंकटरमण मंदिराविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९५७ मध्ये हे स्पष्ट केले. त्या समाजाचे मंदिर असले तरी ते सर्व हिंदूंना खुले राहिलेच पाहिजे. परंतु काही विशिष्ट विधींच्या वेळी केवळ समाजाच्या लोकांनीच उपस्थित राहावे, असा राखीव भाग ठेवता येईल. अट एकच, की त्यामुळे इतरांचा प्रवेशाचा हक्क नाममात्र उरू नये. मंदिर अहोरात्र उघडे असावे, किंवा अर्चकाची सेवा आपण स्वतः करावी, असाही आग्रह कोणास धरता येणार नाही.

पंढरपुरातील वंशपरंपरेचा प्रश्न यानंतरही उरला. १९७३ च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे व सेवाधारी यांचे वंशपरंपरागत हक्क नष्ट केले. दीर्घ न्यायालयीन लढ्याचा शेवट सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निर्णयाने झाला. त्या वर्षी मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या पदांसाठी अर्ज मागविताना जात वा लिंग यांची अट ठेवली नाही. गाभाऱ्यातील काम राहिले, कुळाची मालकी गेली. ‘हक्क-लाजिमा’ या अर्थाचा हक्क येथे संपुष्टात आला.

अगदी अलीकडे हाच प्रश्न स्त्रियांच्या संदर्भात उपस्थित झाला. शनिशिंगणापुरी स्त्रिया आवारात येत, पण चौथऱ्यावर त्यांना मज्जाव होता. १९५६ च्या अधिनियमाच्या आधारे विद्या बाळ व अन्य याचिकाकर्तीच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१६ रोजी कायद्याचे पालन करण्याविषयी शासनास निर्देश दिले. ८ एप्रिलला, गुढीपाडव्यास, चौथरा स्त्रियांस खुला झाला. त्याच सुमारास त्र्यंबकेश्वरी विश्वस्तांनी स्त्रियांबरोबर पुरुषांनाही गाभाऱ्यात बंदी केली. सर्वांना सारखीच बंदी, म्हणून ती न्याय्य म्हणावी काय? उत्तर देण्यापूर्वी आणखी एक उदाहरण पाहू. मार्च ते जून २०२४ या काळात, सुमारे अडीच महिने, पंढरपूरच्या गाभाऱ्यातील जीर्णोद्धाराच्या कामासाठी विठ्ठलाचे पदस्पर्शदर्शन सर्वांनाच बंद होते व केवळ मुखदर्शन चालू होते. दोन्हीकडे बंदी समान आहे. परंतु पंढरपुरी कारण दगडाच्या संरक्षणाचे होते, जाहीर होते आणि काम पुरे होताच बंदी उठली. त्र्यंबकेश्वरी मात्र वाटणी टाळण्यासाठीच समानता आणलेली दिसते. एका गटाने मागणी करण्यापूर्वी बंदीचे कारण अस्तित्वात होते काय, हे पाहिले म्हणजे हा भेद लक्षात येतो.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की आतील भाग राखून ठेवणे स्वतःच अन्याय्य नसते. ती मर्यादा कामातून उपजलेली असावी, जन्मातून नव्हे. तिचे कारण सांगितलेले व तपासता येण्याजोगे असावे, आणि ते सांगण्याचा भार बंद करणाऱ्यावर असावा. आणि मर्यादेनंतर उरणारा प्रवेश खरा असावा, नावापुरता नसावा. चोखोबांवर घातलेली मर्यादा यांपैकी एकाही कसोटीस उतरत नाही. ज्याच्याकडून संपूर्ण निष्ठा घेतली जाते, त्याला अर्ध्या वाटेवर थांबविण्याचे कारण संस्थेजवळ असलेच पाहिजे. ‘पूर्वीपासून असेच आहे’ हे ते कारण होऊ शकत नाही.