वळचणीचं पाणी कुठं जायचं?

वळचणीचं पाणी आढ्याला चढत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. ते खालीच येणार. खाली आल्यावर जाणार कुठं, हे मात्र घर बांधणाऱ्याला आधी ठरवावं लागतं. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरांत ते कसं ठरत होतं आणि पुढं काय बदललं, ते आज आपण पाहू या.

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. म्हणून तिथं छपराला भरपूर उतार आणि छप्पर भिंतीच्या बरंच पुढं काढलेलं. जोतं उंच, जांभ्या दगडाचं. पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या आणि ते पाणी माड-पोफळींकडं नाहीतर व्हाळाकडं जायचं. १८६५ साली बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. पुढं ही मंगलोरी कौलं कोकणातही घरोघरी आली. छप्पर बदललं, पण पाण्याची वाट तीच राहिली.

मराठवाड्यात पाऊस त्याच्या चौथ्या हिश्श्याइतका. तिथं दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. पाणी पन्हळीतून बाहेर पडायचं. माळवद गळू लागलं की पावसाळ्याआधी मातीचा आणखी एक थर चढायचा. असे थर वर्षानुवर्षं साचले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा या जड छतांसकट भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. पाऊस थोपवायला चढवलेली मातीच जिवावर उठली. लोकांनी माळवदाचा धसका घेतला, तो उगाच नव्हे.

आता गावोगाव पत्रा आणि स्लॅब आहे. पण पाण्याचा हिशेब आपण नव्यानं मांडला नाही. माळवदाची माती थोडं पाणी पिऊन घ्यायची, अंगणाची माती उरलेलं मुरवायची. स्लॅब काहीच पीत नाही, आणि अंगणातही आपण फरशी घालतो. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. एवढ्या छतावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर २,५०० लिटर पाणी जमतं. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर दीडशेहून जास्त हंडे! ते सगळं एका पाइपातून शेजारणीच्या मातीच्या भिंतीवर पडलं, तर भिंतही जाते आणि बोलणंही तुटतं. उंचावरच्या जमिनीवरून आपसूक वाहत येणारं पाणी खालच्यानं वाहू द्यावं, हे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही आहे. पण पाइप लावून सोडलेलं पाणी आपसूक आलं, असं कसं म्हणायचं?

म्हणून जोत्याची आखणी होण्याआधीच ठरवायचं. जोतं रस्त्यापेक्षा उंच हवं, कारण रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो. स्लॅबला दहा फुटांत सव्वा इंच उतार आणि पाइपाचं तोंड आपल्याच हद्दीत. घराभोवतीची जमीन भिंतीपासून बाहेर उतरती. पाणी टाकीत, परसात किंवा शोषखड्ड्यात न्यायचं आणि जास्तीचं गावच्या गटारात. काळ्या मातीत शोषखड्डा भिंतीजवळ घेऊ नये. ती माती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते आणि भिंतीला तडे जातात. संडासाच्या खड्ड्यात तर पावसाचं पाणी कधीच सोडू नये.

घरकुल आता बहुतेक ठिकाणी बाईच्या किंवा दोघांच्या नावावर होतं. तेव्हा दोरी धरायला आपणही उभ्या राहू या. दार कुठं, चूल कुठं, हे आपण विचारतोच. त्याआधी गवंड्याला विचारू या, पाणी कुठं जाणार?