घाटाचा राजा, आणि राणी कुठाय?

आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. आपल्या गटातल्या किती जणींना सायकल येते? आमच्यात विचारलं, तेव्हा दोन-चारच हात वर झाले. बाकीच्या हसल्या. म्हणून आज सायकलच्या शर्यतीची गोष्ट.

आपल्या महाराष्ट्रात मुंबई-पुणे सायकल शर्यत फार जुनी. मुंबईहून सकाळी निघायचं आणि त्याच दिवशी पुणं गाठायचं. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. खोपोलीपर्यंत रस्ता सपाट, मग समोर बोरघाट उभा. जुन्या घाटरस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ आहे. या धनगरानं इंग्रजांना घाटाची वाट दाखवली, अशी आख्यायिका आहे. हा घाट जो सगळ्यांत आधी चढून जातो, त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. आपल्या धारूरच्या घाटात गाडीसुद्धा कशी धापा टाकते ते आठवा, म्हणजे या किताबाची किंमत कळेल.

सपाटीवर सायकलवाले एकामागे एक चालतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांची ताकद वाचते. घाटात वेग कमी होतो, तिथं ही सावली कामाला येत नाही. ज्याच्या त्याच्या पायावर असतं. शिवाय शर्यत एका दिवसाची, त्यामुळे आज मागं पडलो तर उद्या भरून काढू, असं नसतं.

पण ‘घाटाची राणी’ असा किताब आम्ही कधी ऐकला नाही. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही.

इटली देशात अल्फोन्सिना स्त्रादा नावाची बाई होती. जन्म 1891 चा, गरीब शेतमजुराच्या घरात. बापानं कोंबड्या देऊन जुनी सायकल आणली होती, असं सांगतात. तिच्यावरच ती शिकली. पुढं शिवणकाम करून पोट भरलं, पण सायकल सोडली नाही. 1917 साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, तिनं लोम्बार्दीच्या मोठ्या एकदिवसीय शर्यतीत नाव दिलं. बायकांना मनाई असा नियम नव्हता. कुणी बाई येईल हे कुणाच्या मनातच आलं नसावं! दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता तिनं पुरा केला. आली शेवटच्यांत, पण कितीतरी पुरुषांनी वाटेतच शर्यत सोडली होती. 1918 ला पुन्हा उतरली, 21वी आली.

1924 मध्ये ती इटलीच्या कित्येक दिवस चालणाऱ्या मोठ्या शर्यतीत उतरली. वाटेत सायकलचं हँडल मोडलं, तर झाडूचा दांडा लावून पुढं गेली. त्या दिवशी वेळेत पोहोचली नाही म्हणून निकालातून नाव काढलं, तरी तिनं मिलान शहरापर्यंतचा सगळा रस्ता पुरा केला. पुढच्या वर्षी मात्र तिला घेतलं नाही.

ऑलिंपिकमध्ये पुरुषांची रस्त्यावरची सायकल शर्यत 1896 पासून, बायकांची 1984 पासून. मध्ये 88 वर्षं गेली. फ्रान्सची पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची प्रसिद्ध शर्यतही 1896 ची. तिथं बायकांची शर्यत सुरू व्हायला 2021 उजाडलं. पाय तेव्हाही होते, बायांनो. रस्ता दिला नव्हता.

आता आपल्या बीडकडे या. गावातली शाळा संपली की पुढची शाळा दोन-चार किलोमीटरवर. आई-बाप कोयता घेऊन उसाच्या फडावर, पोरगी आजीजवळ. ‘एवढ्या लांब एकटी कशी जाईल?’ या एका प्रश्नावर किती पोरींचं शिक्षण थांबलं आणि लग्न ठरलं, हे आपल्याला सांगायला नको. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. पण ती सायकल भाऊ नेतो की पोरगी चालवते, हे घरात ठरतं. आणि त्या घरात आपण असतो.

तेव्हा येत्या बैठकीत शाळेत चौकशी करायचं कोण करणार, ते ठरवूया. आणि संध्याकाळी पोरीची सायकल धरून आपणही एक चक्कर मारूया. पडलो तर हसू, पुन्हा बसू. घाट पुढं आहेच.