मुळशीचे पाणी

पावसाळ्यात पौडमार्गे ताम्हिणीकडे जाणारा प्रवासी मुळशीच्या जलाशयाशी हमखास थांबतो. चोहोबाजूंनी हिरवे डोंगर, मधोमध धुक्यात हरवणारे पाणी, हातात भाजलेले कणीस. या दृश्याला आपण सहजपणे 'निसर्ग' म्हणतो. वस्तुतः हे पाणी येथे आणून अडवलेले आहे, आणि त्यासाठी मुळा-नीळेच्या खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांवर गदा आली.

टाटांच्या वीज कंपनीचे हे धरण शेतीसाठी नव्हते. पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून कोकणात भिऱ्याच्या वीजगृहात सोडायचे आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी योजना होती. १८९४च्या भूसंपादन कायद्याच्या आधारे सरकारने खाजगी कंपनीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्याविरुद्ध १९२१च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी. बापटांना 'सेनापती' हे बिरुद मिळाले ते याच लढ्यात.

हा लढा केवळ कंपनीविरुद्ध होता असे मानणे मात्र भाबडेपणाचे होईल. मावळातील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या. मोबदला वाढवून मिळाला तर सावकाराचे भागत होते. कुळाला मात्र रुपये नको होते, वाफा हवा होता. ज्या पुण्याने शिवकालीन मावळ्यांचा गौरव सभासभांतून केला, त्याच पुण्यातील एक वर्ग जिवंत मावळ्यांच्या प्रश्नावर मोबदल्याचा हिशेब मांडत होता. पाठिंबा ओसरत गेला. १९२४च्या अखेरीस बापटांनी रेल्वे अडवली आणि सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण पूर्ण झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याला जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. तरीही आपल्या प्रवासवर्णनांत मुळशी येते ती बहुधा 'विलोभनीय' या विशेषणासह. विशेषण खोटे नाही. पाणी खरोखरच सुंदर आहे. परंतु स्थळाचे वर्णन करताना त्याचा इतिहास गाळणे हाही एक वाङ्मयीन निर्णयच असतो, आणि तो आपण नकळत घेत असतो. तेव्हा काठावर जरूर थांबावे. फक्त समोरच्या पाण्याखाली एकेकाळी भाताची खाचरे होती आणि ती सोडायला त्यांचे मालक तयार नव्हते, एवढे आपल्या लेखनात यावे.