त्सुनामीचा अपुरा हिशेब

२६ डिसेंबर २००४ रोजी, भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास, इंडोनेशियातील सुमात्रा बेटाच्या पश्चिम किनाऱ्यालगत समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उसळलेल्या त्सुनामी लाटा अर्ध्या तासाच्या आत आचे प्रांतावर आदळल्या. श्रीलंका व तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्या सुमारे दोन तासांनी पोहोचल्या. परंतु हिंदी महासागरात त्सुनामीची पूर्वसूचना देणारी यंत्रणाच नसल्याने हा अवधी वाया गेला. १४ देशांत मिळून सव्वादोन लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले किंवा बेपत्ता झाले. सुमारे १७ लाख लोक बेघर झाले.

देशाला ओरखडा, किनारा उद्ध्वस्त

एवढ्या मोठ्या संहाराचे प्रतिबिंब राष्ट्रीय अर्थव्यवस्थांच्या आकडेवारीत मात्र फारसे पडले नाही. इंडोनेशियाचे नुकसान सुमारे साडेचार अब्ज डॉलर, म्हणजे देशाच्या सकल उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होते. हीच रक्कम आचे प्रांताच्या वार्षिक उत्पन्नाच्या ९७ टक्के होती. भारतातील सुमारे एक अब्ज डॉलरची हानीही देशाच्या हिशेबात नगण्य ठरली. उलट मालदीवमध्ये मृत व बेपत्तांची संख्या शंभराच्या आसपास असूनही हानी सकल उत्पन्नाच्या ६२ टक्क्यांपर्यंत गेली. कारण या बेटांची सारी अर्थव्यवस्था पर्यटन आणि मासेमारीवर उभी होती.

१९९५ च्या कोबे भूकंपात जपानमध्ये सुमारे ६,४०० बळी गेले, तर नुकसान १०० अब्ज डॉलरच्या घरात होते. हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर बळी गेले ते प्रामुख्याने मच्छीमार, शेतमजूर आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या कुटुंबांतील. त्यांच्या नावा, जाळी आणि घरे यांची बाजारातील किंमत अल्प होती आणि त्यांना विम्याचे संरक्षण जवळपास नव्हतेच. मात्र त्या कुटुंबांचे सर्वस्व तेवढेच होते.

स्त्रियांचे बळी अधिक

ऑक्सफॅम या संस्थेने मार्च २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार आचेतील चार गावांत वाचलेल्या ६७६ जणांत स्त्रिया केवळ १८९ होत्या. तमिळनाडूतील कडलूर जिल्ह्यातही मृतांत स्त्रियांची संख्या पुरुषांच्या जवळपास तिप्पट होती. खोल समुद्रात गेलेल्या होड्यांखालून लाट निघून गेली. मासळीची वाट पाहत किनाऱ्यावर थांबलेल्या किंवा मुलांसह घरी असलेल्या स्त्रिया तिच्या तडाख्यात सापडल्या. त्यामुळे किनाऱ्यावरील हजारो कुटुंबांत मुलांचा सांभाळ आणि मासळीची विक्री ही दोन्ही कामे करणारे माणूसच उरले नाही.

मदतीचा पूर, घरांची प्रतीक्षा

जगभरातून सुमारे साडेतेरा अब्ज डॉलरची मदत उभी राहिली. दर आपद्ग्रस्तामागे हे प्रमाण ७,१०० डॉलर पडते, असे नंतरच्या आंतरराष्ट्रीय मूल्यमापनात दिसून आले. त्याच वर्षी बांगलादेशातील पूरग्रस्तांच्या वाट्याला माणशी केवळ तीन डॉलर आले होते. तरीही पुनर्वसन सुरळीत झाले नाही. छोट्या होड्या देणे सोपे असल्याने काही भागांत त्यांची संख्या गरजेपेक्षा अधिक झाली. घरांचे काम मात्र जमिनीच्या प्रश्नावर अडले. आचेमध्ये जमिनीच्या नोंदी लाटांत नष्ट झाल्या होत्या. श्रीलंकेत किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात घरबांधणीस घातलेली बंदी नंतर शिथिल करावी लागली. इंडोनेशियाने २००५ ते २००९ या काळासाठी स्वतंत्र पुनर्बांधणी संस्था स्थापन केली आणि आचे व नियास बेटावर सुमारे १,४०,००० घरे उभी राहिली.

भारताने तातडीच्या मदतकार्यासाठी परकीय सरकारांचे साहाय्य नाकारले आणि श्रीलंका, मालदीव व इंडोनेशियाकडे स्वतःच्या युद्धनौका पाठवल्या. दीर्घकालीन पुनर्बांधणीसाठी मात्र जागतिक बँकेचे कर्ज घेण्यात आले.

एकच लाट, दोन परिणाम

आचेमधील बंडखोर आणि इंडोनेशिया सरकार यांच्यात १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकी येथे शांतता करार झाला. त्यामुळे पुनर्बांधणीची वाट मोकळी झाली. श्रीलंकेत सरकार आणि तमिळ वाघ यांच्यात मदतीच्या संयुक्त वाटपाचा करार जून २००५ मध्ये झाला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने त्यातील प्रमुख तरतुदींना स्थगिती दिली. पुढे युद्ध पुन्हा भडकले आणि ते २००९ मध्येच संपले.

हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र २००७ मध्ये कार्यान्वित झाले. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा किनाऱ्यावरील लोकांना वेळेत सावध करता आले. अशा यंत्रणेवर होणारा खर्च २००४ मध्ये बुडालेल्या मालमत्तेच्या तुलनेत किरकोळ आहे. त्या वेळी वाया गेलेल्या दोन तासांची किंमत मात्र नुकसानीच्या कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नाही.