समुद्राविना शीड

न्यूमन डार्बी हा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. दुकानांच्या पाट्या रंगवणं हे त्याच्या पोटापाण्याचं काम. सस्क्वेहाना नदीच्या काठचा हा माणूस, आणि समुद्र त्याच्या गावापासून दीडशे किलोमीटर तरी दूर. १९६४ मध्ये त्याने एका लाकडी फळीवर चौकोनी शीड उभं केलं. शिडाची काठी फळीत ठोकून पक्की न करता ती हवी तिकडे झुकेल अशी नुसती टेकवून ठेवली. मग शिडाला पाठ लावून फळीवर उभं राहायचं आणि अंगाच्या तोलानेच ते हाकायचं. बायको नेओमीही त्याच्या या उद्योगात होती. १९६५ च्या ऑगस्टमध्ये ‘पॉप्युलर सायन्स’ मासिकात डार्बीने ही फळी घरी कशी बनवायची याचे आराखडे छापून दिले. पेटंट मात्र घेतलं नाही.

मी सौंसरला शाळेत इतिहास शिकवते. माहेर पांढुर्ण्याचं. आमच्या भागातून कुठल्याही दिशेने निघालं तरी पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. जाम नदीचं पाणी कन्हानला मिळतं, कन्हानचं वैनगंगेला, आणि पुढे गोदावरीतून ते बंगालच्या उपसागरात जातं. शेजारच्या मुलताईला उगम पावलेली तापी त्याच्या उलट, पश्चिमेला अरबी समुद्राकडे वळते. दोन्ही समुद्रांना पाणी पाठवणारा हा मुलूख, पण आमच्यातल्या कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, गोव्याच्या सहलीत. मीही तशीच. म्हणून डार्बीची गोष्ट वाचली तेव्हा मला फार जवळची वाटली. ज्या विंडसर्फिंगचं चित्र सगळे नारळाच्या झाडांसकट डोळ्यांपुढे आणतात, त्याची पहिली छापील कृती समुद्रापासून इतक्या लांबच्या माणसाने दिली.

मुलीच्या आग्रहाखातर मी हा खेळ शिकायला उतरले ते गोव्यात, दोनापावलाच्या बाजूला. सकाळची वेळ होती आणि पाणी कमरेएवढं. शिकवणारा पोरगा विशीतला असेल. त्याने आधी वाळूवरच फळी ठेवून उभं राहायला लावलं. “ताई, पहिलं वारं कुठून येतं ते सांगा, मग फळीवर पाय.” हे मला आवडलं. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ करतो: दिवसा जमीन लवकर तापते म्हणून वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमीन लवकर निवते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे. परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न. त्या किनाऱ्यावर त्याच दोन वाऱ्यांवर सगळा धडा बेतलेला होता. सकाळचा वारा मंद, म्हणून नवख्यांची वेळ तीच. पण तो जमिनीकडून सुटलेला असेल तर फळी हळूहळू आत लोटली जाते आणि परत येण्याचं बळ नवख्यात नसतं, म्हणून शिकवणारा पोरगा सतत माझ्या आणि खोल पाण्याच्या मधे उभा. दुपारी खारा वारा चढला की पट्टीचे लोक उतरतात. कोकणातले नाखवे शतकानुशतकं याच हिशेबाने होड्या लोटत आणि ओढत आले.

मग पाण्यातला भाग. फळीवर गुडघे टेकून चढायचं, वाऱ्याकडे पाठ करायची, शीड समोर पाण्यात आडवं पडलेलं. दोन पाय डोलकाठीच्या दोन बाजूंना. एक जाड दोर असतो, तो धरून शीड वर घ्यायचं. इथे घाई चालत नाही, कारण शिडावर पाणी चढलेलं असतं आणि ते निथळल्याशिवाय वजन हलत नाही. कंबर वाकवली तर पाठ धरते. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, अंग मागे टाकायचं. लहानपणी बाबांच्या संत्र्याच्या बागेतल्या विहिरीवर बादली ओढताना आजीने हेच सांगितलेलं. पोहायलाही मी त्याच विहिरीत शिकले, कमरेला दोर बांधून, काका वर थारोळ्यावर दोर धरून बसलेले. त्यामुळे पाण्याची भीती नव्हती. वाऱ्याची मात्र ओळख नव्हती.

शीड उभं राहिलं की एक हात आडव्या दांड्यावर जातो, मग दुसरा. त्या दांड्याला बूम म्हणतात. शिडाच्या दोन्ही अंगांनी वळून पुढे-मागे जुळलेल्या दोन कमानी. मागचा हात जरा ओढला की शिडात वारा भरतो आणि फळी चालू लागते. सुकाणू कुठेच नाही. डोलकाठी मागे झुकवली तर फळीचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे झुकवली तर वाऱ्यापासून दूर. शिडाचा जोर फळीच्या मध्याच्या मागे गेला की मागचा भाग ढकलला जातो, पुढे आला की नाक ढकललं जातं; एवढंच त्यातलं शास्त्र. पण ते पायाखाली कळतं तेव्हा अंगावर काटा येतो. हजारो वर्षं माणसाने शीड नावेला खिळून ठेवलं आणि वळायला वेगळं सुकाणू लावलं. इथे डोलकाठीच्या बुडाशी एक सगळीकडे वळणारा सांधा बसवला आणि माणूस स्वतःच नावेतला दोरखंड आणि सुकाणू झाला.

हा सांधा, ती कमानीची बूम आणि तिकोनी शीड हे सगळं एकत्र आलं कॅलिफोर्नियात, १९६७ मध्ये. जिम ड्रेक हा विमानांच्या आराखड्यांवर काम करणारा अभियंता आणि हॉइल श्वाइत्झर हा संगणक व्यवसायातला, लाटांवर फळी चालवणारा माणूस. दोघांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९७० च्या जानेवारीत ते मिळालं. डार्बीचा लेख तोवर जवळपास साडेचार वर्षं जुना झाला होता. पुढे इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला तेव्हा पीटर चिल्व्हर्स नावाच्या माणसाची गोष्ट न्यायालयापुढे आली: १९५८ मध्ये, बारा वर्षांचा असताना, त्याने हेलिंग बेटाजवळ अशीच फळी आणि दुभंगलेल्या बूमचं शीड बनवून चालवलं होतं. १९८० च्या दशकात तिथल्या न्यायालयाने पेटंट रद्द ठरवलं. इतिहास शिकवणारी म्हणून मला यात कुणा एकाला मुकुट घालायचा नाही. पण पाट्या रंगवणारा डार्बी आणि बारा वर्षांचा तो मुलगा यांची नावं मी वर्गात आवर्जून घेते. कल्पना छापून वाटून टाकणाऱ्या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

खेळ पसरला तो मात्र युरोपात, आणि इथे पुन्हा जमीन आडवी येते. सत्तरच्या दशकात या फळ्या मोठ्या प्रमाणावर बनवल्या त्या हॉलंडच्या टेन काटे कंपनीने. टेन काटे ही मुळात कापडाची कंपनी, देशाच्या पूर्व भागातली, समुद्रकिनाऱ्यापासून दूर. शीड म्हणजे शेवटी कापडच; ज्याला सूत आणि वीण कळते त्याला ते सुचणारच. हे वाचताना मला आमचं बोरगाव आठवलं. सौंसरजवळच्या बोरगावला १९९१ पासून रेमंडची गिरणी आहे, तिथे सूटाचं कापड निघतं. आमच्या कपाशीच्या पट्ट्यात कापडाचं काम जाणणारी माणसं घरोघर आहेत. तिकडे जर्मनीतले लोक आपल्या डोंगरांतल्या तळ्यांवर हा खेळ खेळू लागले. इटलीच्या गार्डा सरोवराचा तर वाराच वेळापत्रकाने चालतो: सकाळी उत्तरेचा पेलेर, दुपारनंतर दक्षिणेचा ओरा. तिथे समुद्र नाही, पण खाऱ्या-मतलई वाऱ्यांचं तेच गणित डोंगर आणि पाणी मिळून मांडतात. १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पहिल्यांदा आला आणि सुवर्णपदक नेलं हॉलंडच्या स्टेफान व्हान डेन बर्गने. बायकांना त्यासाठी १९९२ च्या बार्सिलोनापर्यंत थांबावं लागलं. तिथे न्यूझीलंडची बार्बरा केंडल पहिली आली.

भारतात हा खेळ म्हटलं की गोव्याचं नाव निघतं, आणि ते बरोबरच आहे. डेन आणि कात्या ही कोएल्हो भावंडं तिथलीच, आणि त्यांनी या फळीवर देशाचं प्रतिनिधित्व केलं. दोनापावलाच्या पाण्यातून बाहेर येऊन थरथरत्या पायांनी मी वाळूवर बसले होते, तेव्हा शिकवणाऱ्या पोराने विचारलं, “तुम्ही कुठून आलात ताई?” मी म्हटलं, मध्य प्रदेश. तो लगेच म्हणाला, “मग तुमचंच तर पदक आहे!”

ते खरं होतं. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई खेळांत एबाद अलीने पुरुषांच्या आरएस:एक्स फळीवर कांस्यपदक मिळवलं. त्याच दिवशी नेहा ठाकूरने मुलींच्या आयएलसीए-४ होडीत रौप्य. शर्यती झाल्या निंगबोच्या किनाऱ्यावर, पूर्व चीन समुद्रात; पण दोघंही घडले भोपाळच्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये, बड्या तलावावर. नेहा देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी. देवासलाही समुद्र नाही.

भोपाळबद्दल आमच्या पांढुर्ण्याकडच्या मराठी माणसाच्या मनात एक जुनी ओढाताण आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी आमची राजधानी नागपूर होती. बाजार नागपूरचा, कॉलेज नागपूरचं, सोयरिकी नागपूर-वर्ध्याच्या. राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि आमच्यासाठी राजधानी उत्तरेला भोपाळला सरकली. रेल्वेचा रूळ तोच. पांढुर्ण्याहून खाली गेलं की नागपूर, वर इटारसीवरून भोपाळ. पण घरात भाषा मराठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात गोटमार, आणि कचेरीचा कागद मात्र हिंदी. माझ्या बाबांच्या पिढीला भोपाळ म्हणजे अर्ज, बदली आणि जमिनीच्या कागदांची भांडणं. बडा तलाव त्यांनी कधी काठावर बसून पाहिला असेल असं मला वाटत नाही.

तो पाहण्यासारखा आहे. अकराव्या शतकात परमार राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून तो बांधला असं परंपरा सांगते. भोजाचं नाव मराठी शाळेत आम्ही ऐकलं ते विद्वानांचा आश्रयदाता म्हणून; त्याच्या बांधाचं पाणी आजही शहर पितं. २००२ पासून ही पाणथळ जागा रामसर यादीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्येच हरित न्यायाधिकरणाने तिथल्या क्रूझ आणि मोटारबोटींवर बंदी घातली. शिडाला तेल लागत नाही, धूर येत नाही. पिण्याच्या पाण्यावर खेळायचं तर असाच खेळ हवा, आणि याबाबतीत मला जराही शंका नाही.

एबादच्या पदकानंतर नवव्या दिवशी, ५ ऑक्टोबरला, पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून निघून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाले. आमच्याकडे त्या आठवड्यात फटाके वाजले ते जिल्ह्याचे. एबादचं नाव घेतलेलं मी तरी कुणाकडून ऐकलं नाही. मी मात्र ते फळ्यावर लिहिलं, शेजारी डार्बीचं. नकाशावर भोपाळ आणि पेनसिल्व्हेनिया दोन्ही दाखवले आणि मुलांना विचारलं, दोन्हींत सारखं काय? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “दोन्हीकडे समुद्र नाही, बाई.”

आता खेळ पुन्हा बदलला आहे. हांगझोऊत वापरलेली आरएस:एक्स फळी ऑलिम्पिकमधून टोकियोनंतर गेली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या शर्यती मार्सेला झाल्या त्या आयक्यूफॉइलवर. या फळीच्या पोटाशी पंखासारखं पातं असतं; वेग आला की फळी पाणी सोडून वर उचलली जाते आणि पाण्यात फक्त पातं राहतं. सामान महाग, तोल वेगळा, पडणं अधिक जोराचं. जुन्या फळीवर तयार झालेल्या मुलांना हे नव्याने अंगवळणी पाडावं लागणार, आणि नव्या मुलांना सुरुवातच इथून करावी लागणार. शिकायचं असेल तर बारा-चौदाचं वय बरं, पोहणं पक्कं हवं, आणि घरच्यांनी राज्याच्या अकादमीच्या निवड चाचणीला नेलं पाहिजे.

माझ्या आठवीच्या वर्गात अशी एक मुलगी आहे. घरच्या बागेतल्या विहिरीत ती उन्हाळाभर पोहते, तळाचा दगड वर काढून दाखवते. तिच्या वडिलांना मी चाचणीची सगळी माहिती कागदावर लिहून दिली, हिंदीत आणि मराठीत. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, “आंबिया बहार उतरू द्या बाई, मग पाहू. भोपाळची गाडी इथूनच तं जाते.”