डिफरन्शियलचे लॉक : पिनेपासून वायरीपर्यंत



गेल्या पावसाळ्यात आपल्या कार्यक्रमाला एका श्रोत्याचे पत्र आले. डोंगरावरच्या शेतातून दूध व भाजीपाला खाली आणण्यासाठी त्यांनी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप घेतली आहे. मागच्या ऍक्सलला विजेवर चालणारे डिफरन्शियल लॉक आहे, पण त्याच्या वायरी कुणीतरी कापून टाकल्या आहेत. गॅरेजवाला म्हणतो, "बॅटरीवरून एक वायर बटणाला, बटणावरून एक लॉकला. झालं काम!" हे बरोबर आहे का, असा त्यांचा प्रश्न. त्या दोन वायरींत काय राहून जाते हे समजायला लॉक आले कुठून ते पाहावे लागते.

प्रथम डिफरन्शियल. खळ्यावरची पात ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. मेढीजवळचा बैल जागच्या जागी फिरल्यासारखा चालतो आणि कडेच्या बैलाला त्याच फेऱ्यात कितीतरी जास्त चालावे लागते. गाडी वळताना चाकांचे तसेच होते. दोन्ही चाके एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक चाक घसटत जाईल किंवा गाडी वळणारच नाही. फ्रान्समधील घड्याळजी ओनेसिफोर पेकर याने १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर गिअरचा तोडगा काढून त्याचे पेटंट घेतले. पुढे इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७०-८० च्या दशकात तो तीनचाकी सायकलला लावला, आणि कार्ल बेंझच्या १८८५ च्या मोटारीतही तो होता.

या युक्तीत एक खोट आहे. डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखीच ओढ देते. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की त्याला ओढ लागतच नाही, मग कोरड्यावरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढीच, म्हणजे जवळजवळ शून्य ओढ मिळते. जुवाच्या एका टोकाचा बैल बसला की दुसऱ्याचा जोर वाया जातो, तसेच हे. काळ्या जमिनीत पावसाळ्यात ट्रॅक्टर रुततो तेव्हा एक चाक खड्डा खोदत असते आणि दुसरे स्वस्थ बसलेले असते, ते यामुळेच.

वाफेच्या इंजिनवाल्यांना हे लवकर उमगले. रस्त्यावर व शेतावर चालणाऱ्या त्या जड इंजिनांच्या चाकांना जाड लोखंडी पिना असत. सुरुवातीच्या इंजिनांत तर आखूड वळणावर ड्रायव्हर खाली उतरून एका चाकाची पिन काढी, वळण झाले की परत घाली. डिफरन्शियल आल्यावर उलटे झाले : एरवी चाके मोकळी, आणि रुतल्यावर पिन ठोकून दोन्ही चाके एक करायची. लॉकचा मूळ अवतार हाच. पिन घालायला आणि काढायला माणूस स्वतः खाली उतरत होता, त्यामुळे ती आत आहे की बाहेर याबद्दल त्याला शंका नसे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत उनिमॉग नावाची गाडी निघाली. आज ती सैन्याची व डोंगरदऱ्यांत हिंडणारी गाडी म्हणून ओळखली जाते, पण तिचा जन्म शेतीसाठी झाला. १९४६ साली पहिला नमुना झाला तेव्हा दोन चाकांतले अंतर १२७० मिलिमीटर ठेवले होते, कारण बटाट्याच्या दोन सऱ्यांचे माप तेवढे! चारही चाकांना ओढ, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ऍक्सलना लॉक. हौशी लोक आज जंगलात ज्या सोयी मिरवतात, त्यांतल्या बऱ्याच आधी बटाट्याच्या शेतात आल्या.

ट्रॅक्टरवर लॉक आले ते पायाच्या पेडलच्या रूपाने. इंग्लंडात ब्रॅडफर्डला बनणाऱ्या बी-२७५ ट्रॅक्टरला ते होते. १९६३ साली मुंबईत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि हाच नमुना कांदिवलीत तयार होऊ लागला. पुढे आपल्याकडच्या ट्रॅक्टरांवर हे पेडल सर्रास आले. टाचेने दाबले की आतले दाते अडकतात आणि दोन्ही चाके एक होतात. पाय उचलला की स्प्रिंग दाते सोडवते. कधी भारामुळे दाते अडकून राहतात. अशा वेळी क्लच दाबून भार काढला की ते सुटतात.

बंधूंनो, या पेडलकडे आपण फारसे लक्ष देत नाही, पण माझ्या मते हा शोधाचा सर्वांत शहाणा टप्पा होता. लॉक लागलेले असताना ट्रॅक्टर वळत नाही, सरळ रेटत जातो. बांधाच्या कडेला किंवा विहिरीजवळ ही गोष्ट जिवावर बेतते. पण माणूस घाबरला की पाय उचलतो, आणि पाय उचलला की लॉक सुटू लागते. वेगळे काही लक्षात ठेवावे लागत नाही.

वीज आली आणि पाय गेला. १९९० साली जपानच्या टोयोटा कंपनीची लँड क्रूझर ८० ही गाडी आली. तिच्या काही नमुन्यांत ऍक्सलवर छोटी विजेची मोटर बसवून तिच्याकडून लॉक सरकवून घेतले होते. ड्रायव्हरपुढे फक्त एक फिरते बटण. आपल्याकडे २०२४ साली आलेल्या थार रॉक्सच्या काही नमुन्यांतही मागच्या ऍक्सलला विजेचे लॉक आहे. बटण दाबून हात काढला तरी लॉक लागलेलेच राहते. मग पायाचे शहाणपण गेले कुठे? कारखान्यांनी ते वायरिंगमध्ये घातले. त्या लँड क्रूझरमध्ये गाडी लो गिअरमध्ये असल्याशिवाय लॉक लागत नाही. बटण फिरवताना आधी मागचे लॉक, मगच पुढचे, कारण पुढचे लागले की स्टेअरिंग जवळजवळ निकामी होते. आणि दाते पूर्ण बसेपर्यंत दिवा लुकलुकत राहतो, बसले की स्थिर होतो. मोठ्या ट्रॅक्टरांवर आता ब्रेक दाबला की लॉक आपोआप सुटते, तेही याच विचाराने.

तो दिवा मी विसरू शकत नाही. माझ्या कार्यक्षेत्रात एका दूधवाल्याच्या गाडीला असेच दोन वायरींचे काम केले होते आणि दिवा बटणालाच जोडला होता. चढ संपल्यावर त्याने बटण बंद केले, दिवा विझला. मागे दाते मात्र अडकूनच होते. ओल्या मुरमाच्या रस्त्यावर मोरीजवळच्या वळणाला गाडी वळली नाही, सरळ ओढ्यात गेली. दूध गेले, त्याच्या डाव्या पायाचे हाड मोडले. दवाखान्यात तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "साहेब, दिवा बंद होता हो." दिवा खरे बोलत होता, पण तो बटणाची खबर देत होता. लॉकची खबर कुणीच देत नव्हते.

तेव्हा पत्र पाठवणाऱ्या बंधूंना उत्तर असे. आधी लॉक कोणत्या जातीचे ते पाहा. विद्युतचुंबकाचे असेल तर त्याला एक रिले पुरतो, आणि वीज गेली की ते सुटायला लागते. मोटरचे असेल तर तिला दोन्ही दिशांना फिरवावे लागते, एका रिलेवर भागत नाही, आणि मध्येच फ्यूज उडाला तर लॉक आहे तिथेच राहते. ते काम मूळ गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहूनच करून घ्यावे.

चुंबकाच्या लॉकला बॅटरीवरून येणाऱ्या वायरीत बॅटरीजवळच फ्यूज टाका. तिथून रिलेचा ३० नंबर, आणि ८७ वरून लॉकला. ८६ ला बटणाची वायर, ८५ अर्थला. बटणाला वीज चावीनंतरची द्या आणि ती लो गिअरच्या स्विचमधून न्या. अर्थची जागा रंग खरवडून चकचकीत करा. ऍक्सल वर-खाली होतो, म्हणून तिथे वायरीला ढील ठेवा आणि सायलेन्सरपासून ती दूर बांधा. दिव्याची वायर ऍक्सलवरच्या, लॉक लागल्याची खूण देणाऱ्या स्विचवरूनच घ्या. तुमच्या लॉकला तो स्विच नसेल तर चढ संपल्यावर मोकळ्या जागेत सावकाश एक गोल वळण घेऊन पाहा. चाक घसटले तर लॉक अजून आत आहे. गाडी किंचित मागे-पुढे करा, म्हणजे दाते सुटतील, आणि मगच डांबरी रस्त्याला लागा.